पिवळ्या कागदाचं कारण

लाल पुड्यांचे कागद पलंगाखाली होते आणि निळ्या पुड्यांचे साखरेच्या पोत्यांमागे. करमेनू बोन्दिननं ते स्वतःच्या हातानं तिथं ठेवले होते, बायकोला पत्ता लागू न देता. रविवारच्या मिस्साला तो गुडघे टेकून बसला खरा, पण पाद्रीबाबा काय सांगत होते त्यातलं अक्षरही त्याच्या कानात शिरत नव्हतं. दुपारी होणाऱ्या विहीणबाई पहिल्यांदाच जेवायला येणार होत्या. त्याच टेबलावर त्याचा मेहुणा फ्रेडूही बसणार होता. दोघांनाही त्यानं एकेक शब्द देऊन ठेवला होता, आणि ते दोन शब्द एका घरात मावणारे नव्हते.

तसा करमेनू साधा माणूस. बापाच्या मागोमाग त्यानं उबायत नावाच्या मिठाईचा धंदा नेटानं सांभाळला होता. मध उकळायचा, अंड्याचा पांढरा बलक फेटून त्यात घालायचा, भाजलेले बदाम ओतायचे, खांदे भरून येईस्तोवर घोटायचं आणि निवल्यावर कडक वड्या पाडायच्या; यात त्याचा हात धरणारा अख्ख्या माल्टात कुणी नव्हता. बेटावरच्या कुठल्याही गावच्या जत्रेत गेलं तरी बोन्दिनचा पिवळा पुडा दिसायचाच. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा गाड्यापाशी येऊन 'तो पिवळ्यातला दे रे' म्हणायच्या. पण करमेनूला एक खोड होती. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला त्याला बघवत नसे. कुणी काही मागितलं की तो आधी हो म्हणायचा आणि मग घरी जाऊन डोकं धरून बसायचा.

फ्रेडूनं मागितलं ते असं. तो लाल क्लबचा खजिनदार. यंदा क्लबच्या बँडचा सुवर्णमहोत्सव. "करमेनू, यंदाच्या जत्रेला आमच्यासाठी लाल पुडे कर," तो म्हणाला होता. "यंदापुरतंच. तुझी सख्खी बहीण दिलीय मला, एवढं तरी करशील की नाही?" करमेनू हो म्हणाला.

नंतर दोलोरबाईंनी मागितलं. त्यांचा राफेल आणि करमेनूची फिली यांचं लग्न जत्रेच्या आदल्या शनिवारी ठरलं होतं. "पाहुण्यांना वाटायचे पुडे निळे करा," बाई म्हणाल्या होत्या. "माझ्या नवऱ्यानं जन्मभर निळ्यांचा ढोल वाजवला. तो असता तर त्यानं दुसरं काय मागितलं असतं?" गेलेल्या माणसाच्या नावानं मागितलेलं नाकारायची छाती करमेनूत नव्हती. इथंही तो हो म्हणाला.

त्याच्या मनात हिशेब सरळ होता. निळे पुडे लग्नात, लाल पुडे क्लबात, पिवळे नेहमीसारखे गाड्यावर. कुणाचं काय बिघडलं? परगावच्या माणसानं असा विचार केला असता तर गोष्ट वेगळी. पण करमेनू हाल रिहानचाच. या गावात माणूस आधी लाल किंवा निळा जन्मतो, बाप्तिस्मा त्यानंतर होतो. लाल ते सान रोक्कू या संताचे, निळे ते सान जुझेपचे. चौकाच्या एका अंगाला एकांचा क्लब, बरोबर समोर दुसऱ्यांचा, आणि वर्षभर दोन्ही गच्च्यांवरून एकमेकांच्या फटाक्यांना नावं ठेवणं चालू. लाल घरचा पुरुष निळ्या न्हाव्यापुढं मान वाकवत नाही. निळ्या घरच्या बाया मिरच्यासुद्धा हिरव्या बघून घेतात, असं फ्रेडू म्हणायचा, अर्थात फ्रेडूच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं.

बोन्दिनांचं घर मुळातलं लाल. पण करमेनूची आई सालविना निळ्यांची, तीही साधीसुधी नाही, निळ्या क्लबच्या त्या वेळच्या अध्यक्षाची लेक. तिच्या बापानं, जाकबूनं, लग्नानंतर या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. करमेनू लहान असताना आईबरोबर चौकातून चालला होता. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि मान फिरवली. "ते कोण गं?" त्यानं विचारलं. "तुझे आजोबा," आई म्हणाली, आणि चालत राहिली. एवढीच त्याला त्या आजोबांची ओळख. फिलीचं लग्न ठरल्यापासून तो म्हातारा करमेनूच्या डोळ्यांसमोर सारखा येत होता. आपल्या नातवंडांनी आपल्याकडं बोट दाखवून असं कधी विचारू नये, एवढीच त्याची इच्छा होती. तीच त्याला या भानगडीत घेऊन आली होती.

*

घरी पोचला तर त्याच्या बायकोची, पॉलिनाची, लगबग चालली होती. फिली टेबलावर ताटं मांडत होती. गॅलरीतल्या जिरेनियमच्या कुंड्या जागेवर नव्हत्या.

"कुंड्या कुठायत?"

"न्हाणीघरात," पॉलिना म्हणाली. "लाल फुलं आहेत. पहिल्यांदाच येतायत बाई, उगाच कशाला? टेबलावर पांढरा कपडा घातलाय. वाईनही पांढरीच काढलीय."

"आणि तिंपान्यातला टोमॅटो?"

"तो मॅकरोनीच्या पोटात आहे, वरून दिसत नाही." पॉलिनानं नवऱ्याकडं नीट पाहिलं. "तुम्हाला काय झालंय? तोंड का असं?"

"ऊन," करमेनू म्हणाला.

"चर्चमध्ये?"

सुदैवानं तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आधी चेट्टा आली, करमेनूची थोरली बहीण, आणि तिच्यामागं फ्रेडू. फ्रेडूच्या गळ्यात रक्तासारखा लाल टाय होता.

"मी सांगितलं होतं करडा घाल," चेट्टा दारातूनच म्हणाली. "मला म्हणतो, करड्याला इस्त्री नाही. तीस वर्षांत यानं कधी इस्त्रीची फिकीर केली होती?"

"माझ्या मेहुण्याच्या घरी मी कसाही येईन," फ्रेडू खुर्चीत बसत म्हणाला. "हे लाल घर आहे. की बदललं?"

"हे जेवायचं घर आहे," पॉलिना म्हणाली. "टाय वाटीत बुडवू नका म्हणजे झालं."

मग दोलोरबाई आल्या. निळा झगा, निळी पर्स, केसांत निळी पिन. मागं राफेल. बिचारा गोदीत वेल्डिंग करणारा पोरगा, आज कॉलरनं गळा आवळल्यासारखा दिसत होता. त्यानं फिलीकडं बघितलं आणि फिलीनं टेबलावरचा कपडा सारखा केला, जो आधीच सारखा होता. बाईंनी घरभर एक नजर फिरवली, ती गॅलरीपाशी थांबली. फरशीवर कुंड्यांच्या बुडांचे गोल डाग होते.

"कुंड्या होत्या वाटतं इथं."

"ऊन फार होतं हो, म्हणून आत..." पॉलिना म्हणाली.

"आणा बाहेर. मी फुलांना चावत नाही." बाई बसल्या आणि पर्स त्यांनी मांडीवर ठेवली. बाईमाणसानं पर्स खाली ठेवली की ती बसली, मांडीवर ठेवली की अजून उठू शकते. हे पॉलिनाला कळलं आणि तिनं घाईघाईनं तिंपाना आणला.

जेवण बरं झालं. फ्रेडूनं सुवर्णमहोत्सवाचा विषय दोनदा काढला, चेट्टानं टेबलाखालून त्याला दोनदा लाथ मारली. दोलोरबाईंनी सशाच्या रश्श्याची तारीफ केली, लसूण थोडी जास्त असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. करमेनूला वाटू लागलं की देव आहे. टेबलाच्या मुख्य जागेवरची करमेनूच्या वडिलांची खुर्ची तेवढी रिकामी होती.

"आजोबा कुठं?" राफेलनं विचारलं.

"कारखान्यात," फिली म्हणाली. "मिस्सा झाल्यावर रविवारी कढया बघायला जातात. कुणी नीट घासल्या नाहीत अशी त्यांना खात्री असते."

करमेनूनं हातातला काटा खाली ठेवला. साखरेची पोती कारखान्यातच होती.

*

विस्तिन बोन्दिन जिना चढून वर आला तेव्हा कॉफी होत आली होती. ऐंशी पार केलेला म्हातारा, कानांनी जरा मंद, पण ते आपल्याला पाहिजे तेव्हाच. त्याच्या काखेत निळ्या कागदांचा एक गठ्ठा होता. त्यानं सगळ्यांना मान लववली, विहीणबाईंचा हात हातात घेऊन "या, या" म्हणाला, मग गठ्ठा कॉफीच्या कपांशेजारी ठेवला आणि आपल्या खुर्चीत बसला.

"करमेनू," तो म्हणाला, "हे काय नवीन?"

वरच्या कागदावर 'बोन्दिनची उबायत' अशी काळी अक्षरं होती. आजवर ती अक्षरं पिवळ्याशिवाय दुसऱ्या रंगावर कुणी पाहिली नव्हती.

"निळा?" फ्रेडू ताडकन उठला. "बोन्दिनचा पुडा निळा?"

"मी मागितलेत," दोलोरबाई समाधानानं म्हणाल्या. "लग्नाचे. छान झालेत हो. अगदी आमच्या निशाणाचा रंग."

"मग आमचे लाल कुठायत?" फ्रेडू ओरडला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळल्या. आपण काय बोललो ते फ्रेडूला सगळ्यांत शेवटी कळलं.

"लाल?" दोलोरबाईंनी विचारलं.

"क्लबसाठी," करमेनू पुटपुटला. "म्हणजे, महोत्सव आहे ना... ते वेगळे, हे वेगळे."

"कुठायत ते वेगळे?" चेट्टानं विचारलं.

"पलंगाखाली," पॉलिना कॉफी ओतता ओतता म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं तशी ती म्हणाली, "काय बघताय? झाडू मी मारते. वाट बघत होते तुम्ही कधी सांगताय त्याची."

त्यानंतरचं बोलणं कुणी कुणाचं ऐकलं नाही. फ्रेडू म्हणत होता, ज्या कढईतून निळ्यांना वाढलं त्या कढईतलं आमचा क्लब खाणार नाही. चेट्टा म्हणत होती, जन्मभर त्याच कढईतलं खातोयस, आजच बरा रंग दिसला. दोलोरबाई म्हणत होत्या, माझ्या नवऱ्याच्या नावानं मागितलं होतं, त्याची अशी चेष्टा? शनिवारी लग्नात निळे आणि रविवारी त्याच चौकात लाल? लोक म्हणतील दोलोरनं पोराचं लग्न बाजारात लावलं. करमेनू एकदा इकडं हात जोडत होता, एकदा तिकडं.

"मला वाटलं दोघंही खूश..."

"दोघांना खूश करायला निघालेला माणूस कुणाचाच नसतो!" बाई उठल्या. "राफेल, चल."

राफेल उठला नाही. पण बसूनही राहिला नाही नीट. अर्धवट उठून तो फिलीकडं बघत राहिला. फिलीच्या हातात साखरेचं भांडं होतं. ती भिंतीशी उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता की रडू ते करमेनूला कळेना. हेच ते, त्याच्या मनात आलं. दार आत्ता लागणार आणि मग कधी उघडणार नाही. आपण बाकावरून मान फिरवणार नाही, पण ती नातवंडं फिरवतील.

"बसा विहीणबाई," विस्तिन म्हणाला. मोठ्यानं नाही. "तुम्हाला कॉफी दिलीय. कॉफी टाकून आमच्या घरातून कुणी गेलेलं नाही. जाकबूसुद्धा नाही, तो आलाच नाही कधी."

बाई बसल्या नाहीत, पण थांबल्या.

"मला एक सांगा," म्हातारा म्हणाला. "आमचा पुडा पिवळा का?"

"हे काय विचारणं झालं?" फ्रेडू म्हणाला. "पोपचं निशाण पिवळं-पांढरं. ते दोन्ही क्लबांवर लागतं. त्यावर कोण बोट ठेवणार?"

"काहीतरीच," चेट्टा म्हणाली. "मधाचा पिवळा. आईनं मला स्वतः सांगितलंय."

"स्वतः कधी सांगितलं?"

"सांगितलं नाही, पण मध पिवळाच असतो ना!"

"आमच्याकडं वेगळंच सांगतात," दोलोरबाई म्हणाल्या. राग होताच, पण एवढं बोलल्याशिवाय त्यांना राहवेना. "माझे सासरे म्हणायचे, विस्तिन बोन्दिन महा हुशार. लाल घेतला तर निळं गिऱ्हाईक जाईल, निळा घेतला तर लाल. म्हणून पिवळा. दोन्हीकडचे पैसे खिशात."

विस्तिन हसला. त्याला ते आवडलेलं दिसलं.

"तुमचे सासरे मला भेटले की दरवेळी हेच सांगायचे. मी म्हणायचो, बरोबर ओळखलंत. गिऱ्हाईकाला नाही कशाला म्हणायचं? पाद्रीबाबा म्हणाले पोपचा रंग, मी म्हटलं हो पाद्रीबाबा. एका मास्तरांनी सांगितलं, आपल्या घरांच्या दगडाचा रंग आहे म्हणून. वर्तमानपत्रात छापूनसुद्धा आलं. चांगलं लिहिलं होतं."

"मग खरं काय?" राफेलनं विचारलं. तो आता पूर्ण बसला होता.

"आमचं लग्न पहाटे झालं," विस्तिन म्हणाला, "बाजूच्या वेदीपाशी. तिच्या घरचं कुणी नव्हतं. माझ्या घरचे होते, पण अशी तोंडं करून की नसते तर बरं. आल्या दिवशी माझ्या आईनं तिच्या ट्रंकेतले निळे कपडे काढून शेजारच्यांना दिले. सालविना काही बोलली नाही. माझी आई वाईट नव्हती रे, तिला वाटलं आपण सुनेला सोपं करून देतोय. मग जत्रा आली. आमचा पहिलाच गाडा. आईनं लाल कागद आणून ठेवला. तिकडून जाकबूनं माणूस पाठवला, कागद निळा असेल तर मी लेकीशी बोलेन. मी तुझ्यासारखाच होतो, करमेनू. दोघांनाही हो म्हणालो."

चेट्टाला हसू आलं, ते तिनं कपात दडवलं.

"ती कढई घोटत होती. मी तिच्यामागं उभा. काय करावं कळेना, म्हणून बोलायचं म्हणून बोललो, तुला कोणता आवडतो गं? तर तिनं मागं वळून बघितलं. माझ्याकडं नाही, माझ्या मागं. मी कुणाला विचारतोय ते बघायला."

म्हाताऱ्यानं कॉफीचा एक घोट घेतला. पॉलिना किटली हातात धरून तशीच उभी होती.

"तिला त्या दिवशी काही सांगता आलं नाही. म्हणाली, उद्या सांगते. जन्मापासून निळ्यांत वाढली, मग आमच्यात आली, आवडतं काय हे तिला शोधावं लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी घासता घासता म्हणाली, पिवळा. मी म्हटलं, का? तर म्हणाली, का म्हणजे? आवडतो. मला ते पुरलं. मी पिवळा कागद आणला. माझ्या आईनं आठवडाभर अबोला धरला, जाकबूनं जन्मभर. पण गाड्यापाशी उभी राहिली की सालविना एकेक पुडा असा हातानं गुळगुळीत करून द्यायची. बोन्दिनांचा रंग म्हणून सगळं गाव ज्याला ओळखतं ना, तो त्या पोरीला आवडला होता, बस्स. बाकीची कारणं लोकांनी लावली."

चेट्टानं रुमाल काढून डोळे पुसले आणि फ्रेडूला म्हणाली, "मला कुणी विचारलं होतं? लग्न झालं आणि सासूबाईंनी लाल ओढणी टाकली डोक्यावर. मला लाल शोभतसुद्धा नाही."

"तीस वर्षांत सांगितलं नाहीस!"

"विचारलंस?"

फ्रेडूनं टाय जरा सैल केला.

करमेनू फिलीकडं बघत होता. लग्न ठरल्यापासून काय हवं म्हणून त्यानं फ्रेडूला विचारलं होतं, विहीणबाईंना विचारलं होतं, पाद्रीबाबांना, छापखानेवाल्याला, एवढंच काय, बँडमास्तरालाही विचारलं होतं. आणि ही पोरगी रोज त्याच्या शेजारी उभी राहून वड्या कापत होती. त्याला आपली लाज वाटली. ती लाज त्यानं लपवली नाही.

"फिली," तो म्हणाला, "माझं चुकलं बाळा. पुडे तुझ्या लग्नाचे. तुला कोणता रंग हवाय?"

"हिरवा," फिली म्हणाली.

क्षणभरही विचार तिनं केला नाही. तोंडाशीच होता तो शब्द, कितीतरी दिवस.

"हिरवा?" फ्रेडू आणि दोलोरबाई एकदमच ओरडले.

"कोवळ्या बदामाच्या सालीसारखा," फिली म्हणाली.

"कोवळा की जून, मरू दे ते!" फ्रेडू म्हणाला. "हिरवा हाल तारीनचा आहे! शेजारच्या गावाचा! त्या चोरट्यांचा!"

"बरोबर बोलतायत हे," दोलोरबाई म्हणाल्या, आणि फ्रेडूकडं बघून म्हणाल्या हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. "पोरी, आपले फटाके पावसात भिजले तेव्हा ते लोक कसे वागले ठाऊक आहे ना तुला? पुढच्या जत्रेला हिरव्या छत्र्या घेऊन आले!"

"आमच्या बँडसमोर उघडून उभे राहिले!" फ्रेडू म्हणाला.

"तुमच्या? आमच्या ढोलावर एकानं छत्री टेकवली होती! माझ्या नवऱ्यानं ती मोडून त्याच्या हातात दिली."

"ते तुमचे मिस्टर होते? वा! आम्ही पलीकडच्या गच्चीवरून टाळ्या वाजवल्या होत्या."

"ऐकल्या होत्या आम्ही. त्याला वाटलं तुम्ही त्या छत्रीवाल्यासाठी वाजवताय."

"छे हो, देवाशपथ!"

फ्रेडूनं खुर्ची बाईंच्या बाजूला सरकवली. दोघं मिळून फिलीला समजावू लागले. लग्नात हाल तारीनचा रंग वाटला तर त्या गावचे लोक वर्षभर दात काढतील, म्हणतील लाल आणि निळे दोघं आम्हाला शरण आले. फ्रेडू म्हणाला, हवं तर निळा करा, मी काही बोलणार नाही. दोलोरबाई म्हणाल्या, त्यापेक्षा लाल परवडला. असं वाक्य हाल रिहानमध्ये याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. विस्तिननं कानामागं हात धरून ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"मला हिरवा हवाय," फिली म्हणाली.

"अगं पण का?"

"का म्हणजे? आवडतो."

"राफेल, तू सांग हिला," बाई म्हणाल्या.

राफेलनं कॉलरचं बटण काढलं. "मला हिरवा चालेल," तो म्हणाला, आणि फिलीच्या हातातलं साखरेचं भांडं घेऊन टेबलावर ठेवलं. त्याच्या कपात तिनं साखर घातली आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसली होती.

"क्लबला पिवळेच मिळतील, फ्रेडू," करमेनू म्हणाला. "आईचे. लग्नात हिरवे. आणि हे लाल-निळे उद्या भट्टीत."

"तू नंतर बोल," फ्रेडू म्हणाला. "आधी हा हिरवा निस्तरू दे." आणि परत बाईंकडं वळला.

पॉलिनानं दुसऱ्यांदा कॉफी केली. मग बदाम आले, मग गेल्या खेपेची फुटकी उबायत बशीत आली. दोलोरबाईंनी छत्रीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, त्यांच्या नवऱ्याचं नाव त्यात खूप वेळा आलं, आणि फ्रेडूनं प्रत्येक वेळी टेबलावर थाप मारली. चेट्टा न्हाणीघरात जाऊन जिरेनियमच्या कुंड्या बाहेर घेऊन आली, तरी कुणी वर बघितलं नाही. बाईंची निळी पर्स कधी खाली फरशीवर गेली ते करमेनूला दिसलं नाही. दिसली तेव्हा ती फ्रेडूच्या बुटांना टेकून आडवी पडली होती.

उन्हं उतरल्यावर बाई उठल्या. फिलीच्या गालाचा मुका घेतला, मग तिची हनुवटी धरून तिला दम भरला.

"हे संपलेलं नाही हं. हिरवा मी होऊ देणार नाही. पुढच्या रविवारी मी परत येणार आहे, आणि हे खूळ तुझ्या डोक्यातून काढल्याशिवाय या खुर्चीतून उठणार नाही."

"मीही येतो," फ्रेडू म्हणाला. "दोघं असलेले बरे."

"त्याच्या पुढच्याही रविवारी यावं लागलं तर येईन," बाई म्हणाल्या.

करमेनू दाराशी उभा होता. त्यानं जिन्यातला दिवा लावला आणि बाजूला झाला.

"विहीणबाई," शेवटी तो म्हणाला, "पुढच्या रविवारी काय करायचं? ससा, की मासे?"

बाई दोन पायऱ्या उतरल्या होत्या. त्या कठड्याला धरून थांबल्या आणि त्यांनी विचार केला.

"मासे करा," त्या म्हणाल्या. "आणि वाईन लाल काढा. पांढऱ्यानं माझं डोकं दुखतं."